जुन्या टाइमाचे दोन उमेदवार

ज्या वर्षी आमच्या पोरीची, जमुनेची, सोयरीक जमली, त्याच वर्षी आमच्या जिनात भोंगा आला. इंग्रजी साल १९४३. लढाई चालू होती, साखर मिळेनाशी झाली होती आणि सरकारने हिंदुस्थानातली सगळी घड्याळे एक तास पुढे ढकलून ठेवली होती. आमच्या घरात मात्र त्या सालाला 'जमुनेच्या सोयरिकीचे साल' म्हणतात. 'भोंग्याचे साल' असे कोणी म्हटले तर मी त्या घरचा चहा घेत नाही.

मी अकोल्याच्या एका जिनात टोलेवाला होतो. जिन म्हणजे कापसातून सरकी वेगळी करण्याचा कारखाना. फाटकाजवळच्या लिंबाला रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. तो लोखंडी दांड्याने तासातासाला वाजवायचा, ही माझी नोकरी. ऐकायला लहान वाटेल. पण माझ्या टोल्यावर बाया कामाला येत, माझ्या टोल्यावर भाकरी सोडत आणि माझ्या टोल्यावर घरी जात. पलीकडच्या वस्तीतल्या सासवा माझ्या टोल्यावर सुनांना उठवत आणि सुना माझ्या नावाने बोटे मोडत. एवढ्या लोकांना एका हाताने उठवणे डिप्टी साहेबालाही जमत नसेल. मला तेव्हा अक्षरओळख नव्हती, पण घड्याळ वाचता येई. घड्याळ वाचता येणारा मनुष्य सुशिक्षितच असतो, फक्त त्याचे पुस्तक बारा आकड्यांचे असते, असा माझा समज होता. तो अजूनही पुरता गेलेला नाही.

आमचे मूळ घराणे माळ्याचे. बाप वांगी लावत असे, आजा वांगी लावत असे. मी तेवढा मळ्यातून उठून कोटात शिरलो. कौशल्येचा, म्हणजे माझ्या बायकोचा, भाऊ नत्थुजी अमरावतीजवळ मळा करीत होता. तो भेटला की म्हणे, "भाऊजी, रूळ वाजवून कोनाचं पोट भरलं? या मळ्यात, कुदय घ्या हातात." मी त्याला उत्तर देत नसे. नोकरीवाल्या माणसाने मळेवाल्याशी वाद घालू नये, असे माझे मत होते.

जमुनेची सोयरीक जमली तीही याच नोकरीवर. अमरावतीचे शालिकराम हे एका जपानी कापूस पेढीच्या फाटकावर जमादार. त्यांचा मुलगा चंद्रभान. सुपारी फुटली तेव्हा शालिकराम कमरेचा पितळी बिल्ल्याचा पट्टा दोन्ही हातांनी सावरून सर्वांसमक्ष म्हणाले होते, "आमी नोकरीवाले. इवाई बी नोकरीवालाच पायजे होता, थो भेटला." इवाई म्हणजे व्याही, अर्थात मी. हे ऐकून माझी छाती इतकी फुगली की सदऱ्याचे एक बटण तुटले. लग्न वैशाखात ठरले.

आणि दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला तो भोंगा घेऊन. मालकाच्या मुलाने तो कुठल्याशा बंद पडलेल्या गिरणीतून आणला होता. पहिल्यांदा तो वाजला तेव्हा कापसाच्या गाड्यांचे बैल उधळले आणि एक गाडी मालकाच्या टांग्यावर चढली. मी मनातून खूश झालो. आता हा भोंगा परत जातो, असे मी घरी सांगूनही टाकले. पण आठवड्याभरात बैलांना त्याची सवय झाली. तेव्हापासून बैल या जातीवर माझा विश्वास नाही.

मॅनेजर केशवराव फार सज्जन मनुष्य. त्यांनी मला बोलावून खुर्ची दिली आणि म्हणाले, "जानराव, तुमची काही चूक नाही."

चूक असलेल्या माणसाला खुर्ची मिळत नाही, हे मला तेव्हाच कळायला हवे होते.

घरी येऊन मी कौशल्येला म्हणालो, "मला कमी केलं."

"म्हंजे काढलं."

"काढलं नाही. कमी केलं."

"मंग उद्या जा लागते का?"

"नाही."

"म्हंजे काढलं," ती म्हणाली आणि भाकरी उलटून टाकली.

मी तिला बजावले की अमरावतीला ही गोष्ट कळता कामा नये. वैशाखाच्या आत मी दुसरी नोकरी धरीन आणि ताठ मानेने मांडवात उभा राहीन. नाही तर शालिकराम म्हणतील, नोकरीवाल्याची पोरगी म्हणून मागितली आणि बेकाराची गळ्यात पडली. कौशल्येने माझ्याकडे बराच वेळ पाहिले. त्या पाहण्याचा अर्थ मला पुष्कळ पुढे कळला.

आळीत बातमी लपवणे शक्य नव्हते, कारण टोलाच ऐकू येत नव्हता. शेजारी वामनराव राहत. ते कोर्टातले निवृत्त पट्टेवाले. साहेबापुढे कसे उभे राहावे या विषयावर अकोल्यात त्यांच्याइतके कोणी बोलत नसे. ते म्हणाले, "जानराव, मुलाखत म्हंजे काही गंमत नाही. सराव करा लागते." मग ते आमच्या ओसरीतल्या बाजेवर साहेब होऊन बसले आणि मी उमेदवार होऊन समोर उभा राहिलो.

अडचण अशी की वामनरावांनी जन्मात जज्जाशिवाय दुसरा साहेब पाहिला नव्हता.

"नाव?"

"जानराव."

"बापाचं नाव? धंदा? राहनार?"

मी सांगितले.

"घटनेच्या दिवशी कुठं होता?"

"कोणती घटना?"

"उलटून विचारू नका. जिनात होता का नोयता?"

"होतो."

"मंग गुन्हा कबूल आहे का?"

आतून कौशल्या म्हणाली, "हो म्हना आन् मोकये व्हा. भाकर थंडी होऊन राहिली."

वामनरावांनी डोळे मिटून विचार केला आणि म्हणाले, "जा तुमी. कामाचे नाही." अशा रीतीने सरावाच्या मुलाखतीतही मी नापास झालो. पुढे तर कमालच झाली. ते आपला पितळी बटणांचा कोट मला द्यायचे कबूल करून बसले होते, तो देईनात. "नापास मानसाले कोट देऊ कसा?" म्हणू लागले. शेवटी त्यांची बायको तानुबाई कोट घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "आवो, तुमी खरोखरचे साहेब हाये का? उठा त्या बाजेवरून." कोटाला डांबराच्या गोळ्यांचा असा वास होता की पुढे तीन महिने मी ज्या ज्या कचेरीत गेलो, तिथल्या कारकुनांना मी येण्याआधीच कळत असे.

पहिली मुलाखत जकात नाक्यावर झाली. कारकुनाने एक कागद पुढे केला. "वाचा."

वामनरावांनी शिकवले होते की साहेबाला 'येत नाही' असे कधी म्हणू नये. मी कागद हातात घेतला, दूर धरला, जवळ धरला आणि म्हणालो, "चष्मा घरी राहिला."

कारकून भला निघाला. त्याने स्वतःचा चष्मा काढून माझ्या नाकावर ठेवला. "आता?"

आता तर मला भिंतीवरचे घड्याळही वाचता येईना. म्हणजे आत गेलो तेव्हा जेवढा सुशिक्षित होतो, तेवढाही बाहेर येताना राहिलो नाही.

दुसरीकडे, एका कापडाच्या दुकानात, शेठजींनी मला दाराशी बसवून पाहतो म्हटले. गिऱ्हाइकांना 'या बसा' म्हणायचे, एवढेच काम. दुपारपर्यंत मी ते झकास केले. मग लांबून आमच्या जिनाचा भोंगा वाजला. तो माझ्या मते उशिरा वाजला. मी ताडकन उठलो आणि माझ्या तोंडून मोठ्याने निघून गेले, "आता? आता वाजवून राहिले हे?" लढाईचे दिवस. कोणीतरी म्हणाले, "विमान!" आणि पातळे बघत बसलेल्या बाया पोरे काखेत मारून रस्त्यावर धावल्या. एक बाई तर दुकानातले लुगडे अंगावर घेतलेले होते तसेच घेऊन गेली. ती पुढच्या बुधवारी प्रामाणिकपणे परत करायला आली, पण तोवर शेठजींनी मला प्रामाणिकपणे घरी पाठवले होते.

एकाने सुचवले, देवळात जा, तिथे घंटा असते. गेलो. पुजारी म्हणाला, "आमच्याकडे ज्याची घंटा तो वाजवून घेते. तुमी येऊन देवाले आनखी काय कळवनार?" मी आपली एकदा घंटा वाजवून घेतली आणि घरी आलो.

माघ सरत आला. अमरावतीहून लग्नाच्या बोलण्याचे निरोप येऊ लागले. प्रत्येक निरोपाच्या शेवटी असे, 'नोकरीतून सुटी काढून एकदा येऊन जा.' सुटी काढायला नोकरी कुठून आणावी, या विचारात असताना नत्थुजी एक दिवस अकोल्यास आला आणि म्हणाला, "भाऊजी, आमच्या तिकडे एका शाळेत शिपाई पायजे. घंटा वाजवाची, पानी भराचं. बुधवारी दहा वाजता बोलावलं."

"दहा कोणत्या टाइमाने? नव्या की जुन्या?"

"दहा म्हंजे दहा."

हाच तर घोळ होता. सरकारी दहा वाजत तेव्हा सूर्याचे नऊच वाजलेले असत. कचेरी आणि आगगाडी नव्या टाइमाने चाले; जेवण, लग्न आणि मयत जुन्या टाइमाने. मी वामनरावांना विचारायला गेलो. त्यांनी विचारले, "शाळा कोनाची?"

"खादीवाल्या मंडळींची आहे म्हणतात."

"मंग झालं तर!" वामनराव म्हणाले. "गांधीटोपीवाला मानूस इंग्रजाच्या टाइमानं चालते का? जुना टाइम. डोये मिटून जा."

मला हे इतके पटले की मी तिथल्या तिथे देशभक्त झालो.

मंगळवारी नत्थुजीच्या मळ्यावर मुक्काम केला. निघताना त्याने माझ्या हातात वांग्यांची टोपली दिली. "हेडमास्तराले द्या. रिकाम्या हातानं काहून जाता?" पितळी बटणांचा कोट, डांबराच्या गोळ्यांचा वास आणि डोक्यावर नाही तरी हातात वांगी. जन्मभर ज्या वांग्यांपासून मी पळालो ती अशी मुलाखतीला माझ्याबरोबर आली. वाटेत एका घड्याळाच्या दुकानात अकराला थोडे कमी दिसले. मी त्यातून सरकारचा एक तास वजा केला आणि अगदी वेळेवर शाळेत शिरलो.

हेडमास्तरांच्या खोलीबाहेर बाक होते. बाकावर एकच मनुष्य बसलेला होता, पाठ ताठ, हात गुडघ्यांवर. कमरेला पितळी बिल्ल्याचा पट्टा.

शालिकराम!

मी परत फिरणार होतो, पण कोटाचा वास माझ्याआधी पोचला होता. त्यांनी मान वळवली. दोघांनी एकमेकांना रामराम केला. तो इतका लांबला की मध्ये दुसरे काही बोलायची गरज पडू नये, अशीच दोघांची इच्छा दिसत होती.

"तुमी इकडे काहून, इवाई?" शेवटी त्यांनीच विचारले.

"सहजच. जिनातून सुटी काढली होती. म्हटले शाळा पाहावी. आणि तुम्ही?"

"मी बी सहजच. पेढीवर आज काम कमी होतं." मग त्यांची नजर खाली गेली. "हे वांगे?"

"वांगी... जवळ असावी."

"व्हय," शालिकराम गंभीरपणे म्हणाले. "वांगे जवळ असलेले बरे."

आम्ही शेजारी शेजारी बसून राहिलो. ते उठतील तर मी आत जाईन, असे माझ्या मनात. मी उठेन तर ते आत जातील, असे त्यांच्या मनात. इतक्यात एक तरुण शिपाई आला, व्हरांड्यातली घंटा वाजवून गेला आणि जाताना आमच्याकडे बघून हसला. हा उमेदवार नव्हता. हा लागलेला होता.

मागोमाग हेडमास्तर बाहेर आले. खादीचा सदरा, खादीची टोपी. "शिपायाच्या जागेसाठी आलात का? मुलाखती दहा वाजता होत्या, तासाभरात आटोपल्या."

माझ्या तोंडून गेले, "पण आता तर दहा वाजले. जुने."

"अहो, शाळेला ग्रँट सरकारची, तेव्हा टाइमही सरकारचा," ते म्हणाले. "म्हणजे तुम्ही जागेसाठीच आला होता?"

"छे, छे!" आम्ही दोघे एकदम म्हणालो.

"मग?"

आता काहीतरी बोलणे भाग होते. शालिकराम माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "शिकायला आलो."

"मी बी," शालिकराम लगेच म्हणाले. मागे राहणारा मनुष्यच नव्हता तो.

हेडमास्तरांचा चेहरा असा फुलला की मला भीती वाटली. त्यांनी संध्याकाळचा प्रौढवर्ग काढला होता आणि त्यात एकही प्रौढ येत नव्हता. "बारा महिने झाले, मी वाट पाहतो आहे!" असे म्हणून त्यांनी आम्हा दोघांचे हात धरले आणि आत नेऊन कमिटीच्या मंडळींपुढे उभे केले. मुलाखती घेऊन दमलेली मंडळी चहा पीत होती. "हे पाहा! स्वतःच्या पायाने आले!" हेडमास्तर म्हणाले.

अशा तऱ्हेने त्या खोलीत मी शेवटी पोचलो. पण मुलाखत वेगळीच निघाली.

एका म्हाताऱ्या सभासदांनी कौतुकाने विचारले, "आपण काय करता?"

मी कोटाचे बटण चाचपले. तेवढ्यात शालिकराम छाती काढून म्हणाले, "हे आमचे इवाई. अकोल्याच्या जिनात टोलेवाले हायेत. अर्धं अकोलं यांच्या टोल्यावर जेवते, साहेब."

माझी मान खाली गेली. माझ्या त्या नोकरीचा असा मान ती असतानाही कोणी केला नव्हता. मीही परतफेड केली. "आणि हे आमचे व्याही जपानी पेढीचे जमादार आहेत."

"जपानी पेढी?" सभासद म्हणाले. "अहो, जपानशी लढाई सुरू झाली तेव्हाच ती बंद पडली. कुलूप आहे तिथे कधीचे."

शालिकरामांचे दोन्ही हात त्या पितळी बिल्ल्यावर गेले, जणू तो कोणी काढून नेत होते. माझ्या डोक्यात हिशेब लख्ख झाला. ह्यांची नोकरी सोयरिकीच्या आधीच गेलेली, माझी सोयरिकीनंतर गेली. म्हणजे न्यायाने पाहिले तर वरचढ मीच होतो. चार शब्द बोललो असतो तर मांडवात कायम माझी मान ताठ आणि त्यांची खाली. तीन महिने मी दारोदार हेच शोधत फिरत होतो. पण त्या बिल्ल्यावरची बोटे पाहवेनात.

मी मोठ्याने म्हणालो, "साहेब, तसे पाहिले तर माझ्या जिनातही भोंगा बसला. मला दिवाळीनंतर कमी केले. आम्ही दोघेही तुमच्या शिपायाच्या जागेसाठीच आलो होतो. जुन्या टाइमाने आलो."

म्हाताऱ्या सभासदांनी उठून दोन खुर्च्या पुढे केल्या. या वेळी खुर्ची मिळाली तरी मला भीती वाटली नाही.

बाहेर आल्यावर शालिकराम कोपऱ्यापर्यंत पट्टा सावरत चालले. मग म्हणाले, "मंग लगन?"

"मोडले तर दोघांना कारण सांगावे लागेल."

"व्हय. थे तं जमत नाही." आणि रस्त्याच्या मधोमध हसायला लागले. मीही हसलो. आमचे हसणे ऐकून एक बाई थांबली आणि तिने माझ्या हातातल्या टोपलीकडे बोट केले. "वांगे कसे देल्ले, बाप्पा?"

मी म्हणणार होतो, बाई, आम्ही नोकरीवाले. पण त्याआधी शालिकरामांनी पट्टा सावरला आणि जपानी पेढीचे फाटक उघडावे तशा आवाजात भाव सांगितला. बाईने घासाघीस केली नाही. त्या आवाजाशी कोणी करत नसे. चौकात पोचेपर्यंत टोपली रिकामी झाली.

अकोल्यास येऊन मी कौशल्येला सगळे सांगितले आणि तिला धक्का बसेल म्हणून पाण्याचा तांब्याही जवळ ठेवला. ती म्हणाली, "शालिकरामाची नोकरी गेलेली मले सुपारीच्या दिवशीच ठाऊक होतं. लीलाबाईनं चुलीपाशी सांगतलं." लीलाबाई म्हणजे आमच्या विहीणबाई. "तुमची गेली थे बी मी तिले कयवलं."

"मग मला का नाही सांगितले?"

"तुमी दोघं नोकरीवाला नोकरीवाला करून नाचून राहिले होते, काहून मोडा म्हटलं. आमी पोरगं पाहून पोरगी देल्ली. पोराचा बाप पाहून नाही."

तांब्यातले पाणी मी प्यालो.

वैशाखात लग्न झाले, जुन्या टाइमाने. मांडवात कोणीतरी विचारलेच, "आपण कुठं असता?" शालिकराम म्हणाले, "भाजीबाजारात. यांच्यासंगं." मी मान ताठ ठेवली होती. शोधत होतो ती हीच की दुसरी, कोण जाणे. पण ताठ होती.

त्यानंतर आम्ही अमरावतीस बिऱ्हाड केले. नत्थुजीचा माल आम्ही दोघे बाजारात विकू लागलो. मी पितळी बटणांच्या कोटात, तो वामनरावांनी अखेर मला देऊनच टाकला, आणि शालिकराम पट्ट्यात. गिऱ्हाईक आधी दचके, मग वांगी घेई. नत्थुजी दिवसातून एकदा तरी "म्हटलं नोयतं?" असे विचारून जाई. त्याला मी उत्तर देत नसे, आता भागीदारीमुळे. संध्याकाळी आम्ही प्रौढवर्गाला जात होतो, कारण कमिटीपुढे नाव लागलेले, आणि शब्द म्हणजे शब्द. शालिकरामांना 'क्ष' कधी आला नाही. मला तो पहिल्या वर्षी आला, याची मी त्यांना अधूनमधून आठवण करून देत असे. लढाई संपली, सरकारने आपला तास परत घेतला आणि सगळा हिंदुस्थान मुकाट्याने आमच्या टाइमावर आला, त्या दिवशी आम्ही बाजारात पेढे वाटले.

पुढच्या हिवाळ्यात अकोल्याच्या त्याच जकात नाक्यावर पुन्हा जागा निघाल्याचे कळले. आम्ही दोघे आगगाडीने गेलो. कारकून तोच. त्याने कागद पुढे केला आणि आठवण झाली असावी, चष्म्याला हात घातला. मी म्हणालो, "राहू द्या." आणि तो कागद वरपासून खालपर्यंत, खालच्या छापखान्याच्या नावासकट, खणखणीत वाचून दाखवला. कारकून उठून म्हणाला, "उद्यापासून या."

"नाही जमणार," मी म्हणालो. "बाजारात माझे गिऱ्हाईक वाट पाहते."

बाहेर शालिकराम दाराशी पट्टा सावरून उभे होते. त्यांनी सगळे ऐकले होते. "लागली होती ना नोकरी?"

"लागली होती."

"मंग सोडली?"

"सोडली. कमी केलं नाही, आपण होऊन सोडली."

"शाब्बास, इवाई!" ते म्हणाले आणि भर रस्त्यात मला रामराम केला. तेवढ्यात जिनाचा भोंगा वाजला. आम्ही दोघांनी ऐकला नाही.

घरी कौशल्या म्हणाली, "वाचाले शिकले, आता अक्कल कोन शिकवीन?" पण त्या रात्री तिने वांग्याचे भरीत केले आणि मला दोनदा वाढले.

शालिकराम १९४९ साली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, अमरावतीस तापाने वारले. पट्टा आमच्या जावयाजवळ, चंद्रभानजवळ आहे.